संथ लय आणि ती धरणारी बाई

आजचा विषय ऐकून काही जणी रेडिओचा कान पिळायला उठतील, पण दोन मिनिटं थांबा. विषय रॉक संगीताचा आहे, तोही त्यातल्या जड, खर्जातल्या आणि फार म्हणजे फारच संथ प्रकाराचा. घरातल्या तरुण मुलामुलींच्या खोलीचं दार लोटलेलं असतं आणि आतून गिरणी लांबून ऐकू यावी तशी घरघर येत असते. एकच सूर, तोच तोच. आपण बाहेरून म्हणतो, "अरे, हे गाणं आहे की मिक्सर अडकलाय?" त्या घरघरीलाही एक इतिहास आहे. तिच्या मुळाशी एक कारखाना आहे, एक तंबोरा आहे आणि पुढे एक ढोल वाजवणारी बाई आहे.

ज्या बँडबद्दल बोलायचं आहे तिचं नाव 'अर्थ'. मराठीत लिहिलं की हा शब्द भलत्याच अर्थाचा वाटतो, पण हा इंग्रजीतला, म्हणजे पृथ्वी. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन राज्य आहे, तिथल्या ऑलिम्पिया गावात १९८९ साली डिलन कार्लसन या तरुण गिटारवादकाने ती सुरू केली. मोठ्या प्रसिद्धीच्या वाटेला ही बँड कधी गेली नाही. तरी जगभरात या प्रकारचं संगीत करणारे तिचं नाव आदराने घेतात. आणि तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण एका बंदुकीच्या गोष्टीपाशी येऊन थांबतात. मला ती गोष्ट टाळायची नाही. पण तिथेच थांबलं तर अर्ध्याहून जास्त इतिहास बाहेर राहतो, आणि बाहेर राहतो त्यातच एड्रियन डेव्हिस ही बाई आहे.

आधी नावाची गोष्ट. 'अर्थ' हे नाव कार्लसनने उसनं घेतलं होतं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात १९६०च्या दशकाच्या शेवटी चार कामगार पोरांनी काढलेल्या एका बँडचं ते नाव होतं. त्या चौघांनी पुढे नाव बदललं आणि 'ब्लॅक सॅबथ' म्हणून ते जगाला माहीत झाले. त्यांची पहिली तबकडी फेब्रुवारी १९७०मध्ये आली. जड आणि संथ रॉकचा उगम तिथे धरतात. पण त्या उगमाच्याही मागे एक अपघात आहे.

त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम करायचा. वय सतरा. नोकरीचा शेवटचा दिवस होता. आयोमीने आत्मचरित्रात सांगितलंय की एरवी एक बाई मशीनवर पत्रा वाकवून त्याच्याकडे द्यायची आणि तो ते तुकडे जोडायचा. त्या दिवशी ती बाई आली नाही, म्हणून त्याला तिच्या मशीनवर उभं केलं. मशीन खाली आलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच.

नाहूर, भांडूप, मुलुंड या पट्ट्यात राहणाऱ्यांना ही गोष्ट परकी वाटायची नाही. व्हिलेज रोडवरची सीएट, एलबीएस मार्गावरच्या कंपन्या, त्यांच्या आधाराने चाललेले लहान लहान गाळे. पॉवर प्रेस म्हणजे काय हे इथल्या कितीतरी घरांना सांगावं लागत नाही, आणि 'प्रेसवर बोट गेलं' हे वाक्यही इथे समजावून द्यावं लागत नाही. त्या इंग्लंडमधल्या बाईचा विचार माझ्या मनात मात्र राहून राहून येतो. ती रोज त्याच मशीनवर उभी असायची. तिचं नाव कुठल्याही संगीताच्या इतिहासात नाही. तिने आयुष्यभर बोटं सांभाळली की नाही, कोणी विचारलेलं दिसत नाही.

आयोमी खचला होता. तेव्हा कारखान्यातल्या त्याच्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी आणून ऐकवली. जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं आगीत कायमची अधू झाली होती आणि तरीही तो युरोपातला नामांकित गिटारवादक होता. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर कातडं चिकटवलं, आणि हलक्या तारा बसवल्या. पुढे त्याने तारा सैलही केल्या, म्हणजे दाबायला सोप्या. तार सैल केली की सूर खाली उतरतो, आणि आवाज खोल, जड होतो. १९७१च्या तबकडीत तो तीन पट्ट्या खाली आलेला होता. जखमी हाताची सोय म्हणून जे केलं, त्याची पुढे एक शैली झाली.

आता परत ऑलिम्पियाला येऊ. १९८०च्या दशकात तरुणांचं रॉक संगीत वेगाच्या मागे लागलेलं होतं. कोण किती जलद वाजवतो यावर शर्यती. कार्लसनच्या मनात उलटं आलं. स्लेयर नावाच्या अतिवेगवान बँडसारखी एखादी चाल घ्यायची, ती अर्ध्या वेगाने वाजवायची आणि वीस-वीस मिनिटं सोडायचीच नाही. १९९३मध्ये सिएटलच्या सब पॉप कंपनीने त्याची 'अर्थ २' ही तबकडी काढली. सुमारे ७३ मिनिटं, आणि त्यात तुकडे फक्त तीन. शब्द नाहीत, ढोल जवळजवळ नाहीतच. विजेच्या गिटारचा एक सूर लावायचा, तो विरत जाईपर्यंत त्याच्यासोबत राहायचं, मग पुढचा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, वाद्यं जुळवताहेत, गाणं अजून सुरू व्हायचंय.

आपल्या कानांना मात्र हे सगळं इतकं नवं नाही. खाली अखंड षड्ज, आणि त्याच्यावर हळूहळू उलगडणारं काहीतरी. हे ऐकताना तंबोऱ्याची आठवण येते, आणि ती नुसती आठवण नाही, त्यामागे एक नातंही आहे. कार्लसन मुलाखतींमध्ये ज्यांचा प्रभाव मान्य करतो त्यांत न्यूयॉर्कचे संगीतकार ला मॉन्ते यंग आहेत. एकच सूर तासन् तास लावून ठेवण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता. हे यंग आणि त्यांची पत्नी मेरियन झझीला १९७०पासून एका भारतीय गवयाचे गंडाबंध शिष्य झाले. तो गवई म्हणजे पंडित प्राणनाथ. लाहोरचे, किराणा घराण्याचे. आणि त्यांचे गुरू उस्ताद अब्दुल वहीद खाँ.

इथे मराठी घर जवळ येतं. वहीद खाँसाहेबांचे नात्यातले अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले, आणि तंबोऱ्यांचं गाव म्हणून मिरज आपल्याला माहीतच आहे. करीम खाँसाहेबांची मुलगी, १९०५ साली मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर, यांनी वहीद खाँसाहेबांकडेच तालीम घेतली. म्हणजे हिराबाई आणि प्राणनाथ ही एकाच गुरूची शिष्यमंडळी. अतिविलंबित झुमऱ्यात रागाचा एकेक सूर सावकाश उलगडायचा, ही वहीद खाँसाहेबांची खासियत. चौदा मात्रांचं एक आवर्तन पुरं व्हायला मिनिटभर लागू शकतं. घाई नाही, आणि ढिलाईही नाही. घरंदाज बाईने बैठकीत गाणं लोकांना खपत नव्हतं त्या काळात हिराबाईंनी हे सावकाश गाणं लोकांसमोर बसून, मानाने गायलं.

याचा अर्थ अमेरिकेतल्या गिटारच्या घरघरीला किराण्याचं गाणं म्हणायचं, असा नाही. कोणी तसं म्हणालं तर मी भांडेन. राग नाही, आलाप नाही, तालीम नाही. कार्लसनपर्यंत जे पोचलं ते तिसऱ्या-चौथ्या हातून, आणि फक्त एका अंगाने: सूर धरून ठेवण्यात काहीतरी आहे, ही जाण. पण एका बाजूला बर्मिंगहॅमचा तुटलेल्या बोटांचा पोरगा आणि दुसऱ्या बाजूला मागे बसून तंबोरा छेडणारी शिष्या, या दोघांचं काहीतरी एका तबकडीत येऊन बसावं, हे मला विलक्षण वाटतं.

आता ती बंदुकीची गोष्ट, थोडक्यात. कार्लसन हा निर्वाणा या प्रचंड गाजलेल्या बँडच्या कर्ट कोबेनचा जवळचा मित्र. दोघंही हेरॉइनच्या व्यसनात होते. घरात चोर शिरतील अशी भीती वाटते असं सांगून कोबेनने त्याला मार्च १९९४च्या अखेरीस बंदूक विकत घ्यायला सोबत नेलं. काही दिवसांनी, एप्रिलमध्ये, कोबेनने स्वतःचा जीव घेतला. कार्लसनला काही कल्पना नव्हती. पण त्यानंतर वर्षानुवर्षं, बँड म्हटली की पहिला प्रश्न तोच. 'अर्थ'च्या आणखी दोन तबकड्या १९९५ आणि १९९६ला आल्या आणि मग सगळं थांबलं. व्यसन आणि त्याच्याबरोबर येणारी पडझड यांत काही वर्षं गेली. ज्यांच्या घरात व्यसनी माणूस आहे किंवा होता, त्यांना ही 'काही वर्षं' कशी असतात हे मी सांगायला नको. बाहेरून दिसतं की काही घडत नाही. घरातल्या बायकांना माहीत असतं की रोज काय काय घडतं.

२०००नंतर कार्लसन सावरला आणि पुन्हा वाजवू लागला. या वेळी त्याच्याबरोबर ढोलांवर एड्रियन डेव्हिस होती. आणि बँड बदलली.

रॉकमधला ढोलवादक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घामाघूम होऊन धडाधड बडवणारा पुरुष येतो. डेव्हिसचं वाजवणं बघायचं तर आवाज बंद करून बघावं. काठी धरलेला हात सावकाश वर जातो, खांद्याच्याही वर, तिथे थांबतो, आणि मग खाली येतो. पाण्याखाली कोणी नाचतंय असं वाटतं. सगळं अंग त्या एका ठोक्यात असतं. पुष्कळांना वाटतं, एवढं हळू वाजवायला काय लागतं? तर मैत्रिणींनो, घरी एक करून बघा. घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर टाळ्या वाजवा. सोपं आहे. आता दर तीन सेकंदांनी एकच टाळी वाजवा, आणि मधली सेकंदं तोंडाने मोजू नका. दहा-बारा टाळ्यांत हात पुढे धावायला लागतो. जलद लयीत एक ठोका दुसऱ्याला आधार देतो. संथ लयीत मधे नुसती मोकळी जागा असते आणि ती जागा अंगात मोजावी लागते. तबलजींना हे माहीत आहे. विलंबित ठेका धरणं ही काही नवशिक्याची गोष्ट नव्हे. त्यांना निदान मधल्या मात्रा भरता येतात. डेव्हिस पुष्कळदा त्या भरतच नाही, रिकाम्या ठेवते.

तिच्या येण्याने 'अर्थ'ला काय मिळालं, ते २००५च्या 'हेक्स' या तबकडीत ऐकू येतं. आधीच्या घरघरीच्या जागी स्वच्छ, एकट्या तारेचा आवाज आला. अमेरिकेच्या ओसाड माळावरून संध्याकाळी कोणी चालत जावं तसा. वेग तोच, पण आता त्याला पावलं होती. गिटारचा एक सूर वाजतो, लांबतो, विरत जातो, आणि तो पुरता विरण्याआधी नेमका ठोका पडतो. ती थोडी आधी आली तर घाई वाटेल, उशिरा आली तर सूत तुटेल. कार्लसनच्या पुनरागमनाबद्दल भरपूर लिहून आलं. ते पुनरागमन ज्या ठोक्यावर उभं होतं त्याच्याबद्दल कमी. नवरा-मुलाचं दुकान पुन्हा उभं राहिलं की गल्लीत कौतुक त्याचं होतं, आणि वही कोण लिहीत होतं ते कोणी विचारत नाही, त्यातलाच हा प्रकार.

२००८च्या तबकडीत बिल फ्रिझेल हा जॅझमधला नावाजलेला गिटारवादक पाहुणा म्हणून आला. २०११ आणि २०१२मध्ये एकाच मालिकेच्या दोन तबकड्या आल्या, त्यांत चेलो वाजवला लोरी गोल्डस्टनने. हीच बाई नोव्हेंबर १९९३मध्ये निर्वाणाच्या त्या प्रसिद्ध एमटीव्ही मैफलीत चेलो घेऊन बसली होती. ती मैफल जगात करोडो लोकांनी पाहिली असेल. चेलो वाजवणारीचं नाव सांगा म्हटलं तर किती जणांना सांगता येईल? 'अर्थ'मध्ये मात्र तिचा चेलो मागे नाही. गिटारच्या बरोबरीने बोलतो, कधी वाद घालतो. २०१४मध्ये बऱ्याच वर्षांनी गाण्यात माणसाचा आवाज आला, आणि गाणाऱ्यांत मार्क लॅनेगनसोबत राबिया शाहीन काझी ही गायिका होती. मग २०१९ची 'फुल अपॉन हर बर्निंग लिप्स'. तीत दोघंच, कार्लसन आणि डेव्हिस. एक गिटारं सांभाळणारा, एक ढोल आणि झांजा सांभाळणारी. पाहुणे नाहीत, सजावट नाही. माझ्या मते त्यांची सगळ्यांत प्रामाणिक तबकडी तीच, कारण तीत ढोल गिटारइतकाच पुढे आहे आणि रिकाम्या जागा स्पष्ट ऐकू येतात.

या बँडचा प्रभाव केवढा, हे तिच्या विक्रीवरून कळायचं नाही. तो दुसऱ्यांच्या कामात दिसतो. १९९८मध्ये ग्रेग अँडरसन आणि स्टीफन ओमॅली या दोघांनी 'सन' ही बँड काढली ती मुळात 'अर्थ'ला वंदन म्हणूनच. त्यांच्या सुरुवातीच्या एका तुकड्याचं नावच 'डिलन कार्लसन' आहे. ते अंगभर झगे घालून, धुराच्या ढगात उभं राहून वाजवतात. मला तो प्रकार जरा नाटकी वाटतो, पण लोक दुरून दुरून जातात. गंमत म्हणजे पुढे 'हेक्स' काढली ती याच अँडरसनच्या कंपनीने, म्हणजे शिष्याने गुरूला हात दिला. जपानमध्ये 'बोरिस' नावाची तिघांची बँड आहे, तिने १९९६मध्ये तासाभराचा एकच तुकडा वाजवून तबकडी केली आणि ती पुन्हा काढताना 'अर्थ २'चं उपशीर्षक उचलून आपल्या तबकडीला लावलं. 'बोरिस'ची गिटारवादक वाता ही बाई आहे. बारीक चणीची, चेहऱ्यावर काही न दाखवता उभी राहते आणि तिच्या मागच्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीतून जो आवाज निघतो त्याने सभागृह हादरतं.

आपल्याकडे काय? मुंबईत रॉकचं घर म्हणजे धोबीतलावचं रंगभवन. १९८०च्या दशकापासून तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचं. उघड्यावरच्या त्या जागेत कॉलेजची पोरं लोकलने येऊन गर्दी करायची. शेजारी रुग्णालय आणि कॉलेज, त्यामुळे शांतता क्षेत्राचा नियम आला आणि रंगभवनातले कार्यक्रम बंद पडले. तो नियम चूक होता असं मी म्हणणार नाही. आजारी माणसाच्या उशाशी कर्णा नको. पण पर्यायी जागा कोणी दिली नाही, आणि पोरं बार, कॉलेजचे महोत्सव आणि भाड्याच्या सराव खोल्यांत विखुरली. जड आणि वेगवान वाजवणारे त्यांतून पुष्कळ निघाले. जड आणि संथ मात्र थोडे. त्यांतली आपल्या महाराष्ट्रातली एक म्हणजे पुण्याची 'डर्ज'. डर्ज म्हणजे शोकगीत. २०१८मध्ये त्यांची 'आ पुच' ही तबकडी आली, माया संस्कृतीतल्या मृत्युदेवतेच्या नावाची. कर्कश, जड आणि संथ. त्यात गाणारा ओरडतो, आणि त्या ओरडण्याची सवय व्हायला वेळ लागतो. पण गिटारचा सूर लांबवत नेऊन ऐकणाऱ्याला त्यात थांबवून ठेवायची जी रीत आहे, ती कुठून कुठून फिरत आली हे आता तुमच्या लक्षात येईल.

ऐकायचं असेल तर 'अर्थ २'पासून सुरू करू नका. तिथून सुरुवात करणाऱ्या दहांतल्या नऊ जणी दुसऱ्या मिनिटाला बंद करतील आणि मला नावं ठेवतील. २००८ची, 'द बीज मेड हनी इन द लायन्स स्कल' ही आधी लावा. दुपारी, घरातली सगळी बाहेर गेल्यावर. हेडफोन असेल तर बरं, आपल्या इमारतींच्या भिंती काही जाड नसतात. पहिल्या वेळी गिटारकडे लक्ष जाईल, जाऊ द्या. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा गिटार सोडा आणि फक्त ढोल ऐका. एक ठोका पडला की पुढचा कधी येणार ते मनाशी धरा आणि टाळी वाजवून बघा. बहुतेक वेळा तुम्ही तिच्या आधी पोचाल.